अ‍ॅम्पल म्हणजे किती

रुग्णालयात तिला सगळे दुभाषीबाई म्हणत. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सेस थट्टेनं 'दोन जिभांच्या बाई' म्हणायच्या, आणि तीही हसून म्हणायची, "एक धड सांभाळता येईना, म्हणून दुसरी घेतली." सतरा वर्षं ती हे काम करत होती. डॉक्टर इंग्रजीत बोलायचे, पेशंट आणि त्यांची माणसं मराठीत, आणि मधल्या खुर्चीत ही. समोरचा जे बोलेल ते जसंच्या तसं पलीकडे पोचवायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही, एवढाच तिच्या कामाचा नियम. नव्यानं लागलेल्या मुलींना ती हे कानीकपाळी ओरडून सांगायची.

त्या वर्षी हृदयरोगाच्या वॉर्डात एक म्हातारे गवंडी दाखल झाले. पन्नास वर्षं विटा रचलेला माणूस. हात अजून फावड्यासारखे रुंद, पण पाय सुजलेले आणि छातीत पाणी. आल्या दिवशीच त्यांनी पलंगामागच्या भिंतीकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि दुभाषीबाईला म्हणाले, "डॉक्टरांना सांगा, ही भिंत ओळंब्यात नाही. वरून बोटभर बाहेर आलीय. बांधणाऱ्याचं नाव कळलं तर बरं होईल."

तिनं ते शब्दन्‌शब्द सांगितलं. उंच डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवून भिंतीजवळ गेले, त्यांनीही एक डोळा मिटला आणि त्यांना काही दिसलं नाही. गवंडीकाका म्हणाले, "असू दे. मलाही त्यांच्या मशिनीतलं काही दिसत नाही."

काकांजवळ सकाळपासून संध्याकाळपर्यंत काकू बसून असायच्या. बुटक्या, नीटनेटक्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. एकुलती एक मुलगी दूरच्या देशात एका प्रयोगशाळेत कामाला होती. तिला तिथं कायम करायचं की नाही, हे त्या महिन्याअखेरीला ठरणार होतं. पण हे दुभाषीबाईला तेव्हा ठाऊक नव्हतं. कुणी बोललं नाही, आणि तिनं आपणहून विचारण्याचा प्रश्न नव्हता.

एका मंगळवारी डॉक्टरांनी काकूंना बोलावून घेतलं. वॉर्डाच्या टोकाला त्या कामासाठीच ठेवलेली छोटी खोली होती. चार खुर्च्या, गोल टेबल, त्यावर कागदी रुमालांचा खोका. त्या खोलीत चांगली बातमी कुणी कधी दिली नव्हती. डॉक्टरांनी सगळं नीट, सावकाश सांगितलं. हृदय फार थकलं आहे. ऑपरेशन झेपणार नाही. नवं औषध देऊन पाहिलं, त्याचा उपयोग झाला नाही. आता त्रास कमी करणं एवढंच हातात आहे. नक्की दिवस सांगता येत नाहीत. दुभाषीबाई एकेक वाक्य मराठीत करत गेली. पाऊण तास ती नुसते नकार देत होती. नाही, होणार नाही, जमणार नाही, सांगता येत नाही. काकू प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या, जणू दुकानात सामानाची यादी वाचून दाखवतंय कुणी.

शेवटी त्यांनी विचारलं, "मग मुलीला बोलवायचं का? तिला यायला वेळ आहे ना?"

तिनं ते इंग्रजीत केलं. डॉक्टर पुढं झुकले आणि समजुतीनं म्हणाले, "येस. देअर इज अ‍ॅम्पल टाइम फॉर दॅट."

आता या एका शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. इंग्रजीत मुबलकपणाचे शब्द काही कमी नाहीत. अ‍ॅबंडंट आहे, प्लेंटिफुल आहे, कोपियस आहे. हे शब्द नुसता ढीग केवढा ते सांगतात. पोटभर, ढीगभर, रग्गड. अ‍ॅम्पल तसा नाही. तो आधी गरजेकडे बघतो आणि मग म्हणतो, एवढ्याला होईल, वर थोडं उरेलही. चार माणसांना बसायला अ‍ॅम्पल जागा म्हणजे चौघं ऐसपैस बसतील. तिथं चाळीस माणसांचं लग्न लावता येत नाही. मुलीला यायला अ‍ॅम्पल वेळ आहे, म्हणजे ती आता निघाली तर आरामात पोचेल.

दुभाषीबाईला हे माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. तिच्या जिभेच्या टोकावर दोन शब्द एकदमच आले होते, 'पुरेसा' आणि 'भरपूर'. पण पाऊण तासानंतर पहिल्यांदा काहीतरी 'हो' सांगायचं होतं. समोर काकू पिशवीचे बंद पिळत होत्या. तिला त्या बाईची दया आली आणि तिनं मोठा शब्द उचलला.

"हो, भरपूर वेळ आहे," ती म्हणाली. 'त्यासाठी' हा शब्द कुठल्या कुठं गळून गेला.

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डोळे पुसले, डॉक्टरांना हात जोडले, आणि दाराशी दुभाषीबाईचा दंड दाबून म्हणाल्या, "तुमच्या तोंडात साखर पडो." तिला दिवसभर बरं वाटत राहिलं.

मग आठवडाभर तिची पाळी दुसऱ्या इमारतीत होती, बाळंतिणींच्या वॉर्डात. गुरुवारी, म्हणजे नवव्या दिवशी, ती परत तिसऱ्या मजल्यावर आली, तेव्हा गवंडीकाकांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागलेली होती. बोलताना दर तीन शब्दांनी थांबावं लागत होतं. काकू त्यांच्या पायांना तेल लावत होत्या.

"मुलगी कधी आली?" दुभाषीबाईनं सहज विचारलं.

"कुठली यायला! एकोणतीस तारखेला निघतेय. ती लगेच निघत होती हो, मीच थांबवलं. म्हटलं, तुझं कायम होण्याचं होऊन जाऊ दे. डॉक्टर स्वतः म्हणालेत भरपूर वेळ आहे. उगाच हातातोंडाशी आलेलं घालवू नकोस."

त्या दिवशी अठरा तारीख होती. दुभाषीबाई तडक वॉर्डाबाहेर गेली, डॉक्टर जिन्यात भेटले, तिथंच तिनं त्यांना गाठलं आणि विचारलं, त्या दिवशी तुम्ही म्हणालात तो वेळ म्हणजे किती होता? डॉक्टर गोंधळून म्हणाले, मी तर मुलगी दोन-तीन दिवसांत येईल असंच धरलं होतं. अजून आली नाही का? आत्ताच्या आत्ता बोलवायला सांगा.

ती धावतच परत आली. काकूंना बाहेर बाकावर बसवलं आणि म्हणाली, "काकू, मुलीला आत्ता फोन करा. मिळेल त्या विमानानं यायला सांगा."

"का? काही झालं का?"

"डॉक्टर म्हणतात, आत्ताच बोलवा."

"पण त्यांनीच तर सांगितलं होतं..."

"त्यांनी नाही," दुभाषीबाई म्हणाली. "आधी फोन करा. बाकीचं मी नंतर सांगते."

मुलगी संध्याकाळीच निघाली. दोन विमानं बदलून यायचं होतं. शनिवारी दुपारी पोचणार होती.

शनिवार दुभाषीबाईच्या सुट्टीचा. तरी ती सकाळी सातलाच वॉर्डात हजर झाली. काकू घरी आंघोळीला गेल्या होत्या, तासाभरात येणार होत्या. नर्स नवी होती आणि गवंडीकाका तिला काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होते. तिला कळत नव्हतं, म्हणून ती त्यांना पाणी देत होती, उशी सरळ करत होती, पडदा ओढत होती.

"काय हवंय काका?" दुभाषीबाईनं वाकून विचारलं.

"हिला विचारा... किती वेळ आहे."

तिनं नर्सला विचारलं. नर्सनं यंत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि खालच्या आवाजात म्हणाली, सांगता येत नाही, पण फार नाही.

या वेळी दुभाषीबाईनं काही वाढवलं नाही. "म्हणतेय, सांगता येत नाही. पण फार नाही."

काकांनी डोळे मिटून घेतले. "बरं झालं... नीट सांगितलंत." थोड्या वेळानं म्हणाले, "पोरगी आली?"

"दुपारी येतेय. विमानात आहे."

"मग तिला एक सांगा. न्हाणीघराच्या भिंतीला ओल आलीय ना... ती वरून येतेय. गच्चीच्या पन्हळीतून. लोक खालून खोदायला सांगतील... पैसे काढतील. खालून खोदू देऊ नको म्हणावं. वरून बघ."

"वरून बघायचं, खालून खोदायचं नाही."

"हां." ते किंचित हसले. "म्हणाल ना... असंच?"

"असंच म्हणेन."

त्यानंतर ते दोनदा पुन्हा "आली का?" म्हणाले. काकू परत आल्या तेव्हा ते शुद्धीवर होते, त्यांनी काकूंचा हातही धरला, पण बोलणं थांबलं होतं. दहाच्या सुमाराला गेले. मुलगी अजून आकाशातच होती. तिला सांगण्याची सोयच नव्हती. दुपारी ती विमानतळावरून थेट आली, पाठीवर सॅक, पायात धावायचे बूट. लिफ्टमधून बाहेर पडली तेव्हा समोर आई उभी होती. दुभाषीबाई कोपऱ्यात होती. मायलेकींना दुभाषी लागत नाही, म्हणून ती तिथून निघाली आणि जिन्यात बसून रडली.

घरी आल्यावर तिनं जाडजूड शब्दकोश काढला. अ‍ॅम्पल. त्यापुढे छापलं होतं : विपुल, भरपूर, ऐसपैस, पुरेसा. नवऱ्यानं तिच्या खांद्यावरून वाचलं. तो शाळेची बस चालवायचा, सरळ मनाचा माणूस.

"हे बघ, भरपूर लिहिलंय की! दुसऱ्याच नंबरला आहे. तू कुठं चुकलीस?"

"इथं नाही चुकले," ती म्हणाली आणि शब्दकोश मिटला.

पाच दिवस तिनं कसेबसे काढले. पेशंटच्या घरी जायचं नाही असा रुग्णालयाचा नियम होता. सहाव्या दिवशी तो मोडून ती गेली. दोन खोल्यांचं घर, गवंडीकाकांनी स्वतः बांधलेलं. दारं-खिडक्या एका रेषेत, कुठं केसाएवढी फट नाही. मुलीनं दार उघडलं. डोळे सुजलेले, पण आवाज कोरडा.

"आई म्हणाली तुम्ही याल. बसा."

दुभाषीबाईनं आधी निरोप दिला. ओल वरून येतेय, पन्हळीतून. खालून खोदू देऊ नको, वरून बघ. तिनं तो काकांच्याच शब्दांत, जिथं ते थांबले तिथं थांबत सांगितला. मुलीच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याच दमात हुंदका. "बाबाच आहेत हे," ती म्हणाली. "दुसरं कुणी मरताना पन्हळ आठवणार नाही."

मग तिनं तोंड पुसलं. "माझं विचारलं होतं त्यांनी?"

इथं खोटं बोलणं सोपं होतं. ते शांत झोपले होते, असं म्हणता आलं असतं.

"तीनदा विचारलं. आली का, म्हणून."

मुलगी खिडकीकडे वळली. "डॉक्टरांचे शब्द काय होते? त्या मंगळवारचे. आईला नाही विचारत, तुम्हाला विचारतेय. इंग्रजीत सांगा."

दुभाषीबाईनं सांगितले. देअर इज अ‍ॅम्पल टाइम फॉर दॅट.

मुलीनं ते वाक्य पुटपुटून पाहिलं. "अ‍ॅम्पल टाइम फॉर दॅट. आमच्या लॅबमध्ये रोज ऐकते मी हे. कुणी असं म्हणालं की मी हातातलं ठेवून उठते. कारण त्याचा अर्थ, आता सुरू केलंस तर होईल." ती वळली. "आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"भरपूर वेळ आहे."

"तुम्हाला फरक माहीत नव्हता?"

"माहीत होता." दुभाषीबाईला आपलाच आवाज परका वाटला. "तुमच्या आईकडे बघून मला राहवलं नाही. पाऊण तास मी त्यांना वाईटच सांगत होते. एक तरी गोष्ट चांगली सांगावी असं वाटलं, म्हणून 'पुरेसा' सोडून 'भरपूर' म्हणाले. चूक भाषेची नव्हती. माझी होती."

काकू स्वयंपाकघराच्या दारात कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, दोघींनाही कळलं नव्हतं.

"तुम्ही पुरेसा म्हणाला असतात ना," काकू म्हणाल्या, अगदी हळू, "तर मी विचारलं असतं, कशाला पुरेसा? भरपूर म्हटल्यावर कोण विचारतं?"

मुलीनं उठून दार उघडलं. तिनं आवाज चढवला नाही, अपमान केला नाही. "तुम्ही आलात, खरं बोललात, ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण मला तुम्हाला माफ करता येणार नाही. निदान आत्ता तरी."

"नका करू," दुभाषीबाई म्हणाली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळी हकीकत लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी डॉक्टरांना विचारलं, डॉक्टरांनी शब्दकोश पाहिला आणि म्हणाले, मीच 'या आठवड्यात बोलवा' असं स्पष्ट सांगायला हवं होतं. साहेबांनी कागद फाइलला लावला. तिला शिक्षा झाली नाही. झाली असती तर सुटल्यासारखं वाटलं असतं. ती काम करत राहिली, पण आता डॉक्टर काही मोघम बोलले की ती थांबून विचारायची : 'सून', म्हणजे लवकर, ते किती दिवसांत? 'सम', म्हणजे थोडं, ते किती? 'इनफ', म्हणजे पुरेसं, ते कशाला? काही डॉक्टर वैतागायचे. एकानं तर तोंडावर म्हटलं, बाई, तुम्ही भाषांतर करता की उलटतपासणी? पूर्वी तिनं हसून उत्तर दिलं असतं. आता नुसतं उत्तराची वाट बघत बसायची.

आठ महिन्यांनी नेत्रविभागातून बोलावणं आलं. मोतीबिंदूची पेशंट होती, आणि दुभाषी म्हणून तीच हवी असं अडून बसली होती. आत जाऊन बघते तर काकू. मांडीवर पिशवी, एक डोळा बांधलेला. दुभाषीबाई दारातच थबकली.

"काकू, दुसऱ्या ताई आहेत. चांगल्या आहेत. त्यांना पाठवू का?"

"नको. त्या ताई अजून चुकायच्या आहेत. तुम्ही आता चुकणार नाही." यात प्रेम होतं की टोचणी, हे तिला कळलं नाही. काकूंच्या बांधलेल्या डोळ्यावरून तर काहीच कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सूचना दिल्या, तिनं एकेक मराठीत सांगितली. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. "किती दिवस?" काकूंनी विचारलं. "अ कपल ऑफ वीक्स," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिनं लगेच विचारलं, म्हणजे दोनच की जास्त? बाईंनी कॅलेंडर पाहून तारीखच काढून दिली. काकूंनी मान डोलावली.

तपासणी संपल्यावर ती काकूंना धरून बाहेरच्या बाकापर्यंत घेऊन आली. शेजारीण न्यायला येणार होती, अजून आली नव्हती. दोघी शेजारी बसल्या. समोरून एक माणूस फरशी पुसत गेला.

"भिंतीची ओल गेली," काकू म्हणाल्या. "वरूनच होती."

"बरं झालं." मग धीर करून तिनं विचारलं, "आणि मुलगी?"

"कायम झाली ती. तिच्या साहेबांनी सांभाळून घेतलं." काकू थांबल्या. "तुमच्यावरचा तिचा राग गेला हो. मागं एकदा म्हणाली, त्या बाईनं निदान कबूल केलं. माझ्यावरचा गेला नाही. फोन येतो, पण जेवलीस का, औषध घेतलंस का, ठेवते. तुम्ही शब्द चुकलात. तिला येऊ नको तर मीच म्हणाले ना? तिनं विचारलं होतं, आई, आत्ता निघू का? आणि आई नको म्हणाली."

दुसऱ्याचेच शब्द बोलायची सतरा वर्षांची सवय बाजूला ठेवून दुभाषीबाईनं विचारलं,

"ऑपरेशनचं सांगितलंत तिला?"

"नाही. म्हटलं, कशाला तिच्या कामात..." काकूंनीच वाक्य अर्ध्यावर सोडलं. मग पिशवीतून फोन काढून चाचपडत तिच्या हातात दिला. "मला या डोळ्यानं नीट दिसत नाहीये. लावून देता? पहिलंच नाव आहे."

तिनं लावला. पलीकडे वाजत राहिला. काकूंचे हात पुन्हा पिशवीच्या बंदांकडे गेले. मग आवाज आला, "हॅलो, आई?"

"मी दुभाषीबाई बोलतेय. घाबरू नका, आई इथं माझ्याजवळ आहेत. आज त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, नीट झालं." आणि फोन तोंडापासून दूर धरून तिनं विचारलं, "काकू, काय सांगू?"

काकू एका डोळ्यानं फरशीकडे बघत होत्या. ओली फरशी हळूहळू वाळत होती.

"सांगा, सगळं ठीक आहे, काळजी..." त्या थांबल्या. "नको. ये म्हणावं."

"आई म्हणतात, ये," तिनं सांगितलं.

मग मुलगी म्हणाली, "फोन तिला द्या."

तिनं फोन काकूंच्या कानाशी नेला, त्यांची बोटं त्यावर नीट ठेवून दिली आणि उठून दूर खिडकीपाशी गेली. तिथून आवाज येत नव्हता. काकूंचे खांदे हलत होते, एवढंच दिसत होतं.